ब्रेक कॅलिपरचा खडखडाट

ब्रेक कॅलिपरचा खडखडाट म्हणजे डिस्क ब्रेक असलेल्या वाहनात कॅलिपर, त्यातील पॅड अथवा त्यांना धरून ठेवणारे लहान भाग यांच्यातील अतिरिक्त मोकळिकीमुळे उत्पन्न होणारा धातूचा आवाज होय. हा आवाज कधी एकेरी 'टक्' असा, तर कधी खडबडीत रस्त्यावर सलग खडखडीसारखा ऐकू येतो. वीस-तीस वर्षे वा त्याहून अधिक काळ वापरात असलेल्या स्पोर्ट्स गाड्यांत तो विशेषत्वाने आढळतो. या गाड्यांचे सस्पेन्शन कडक, ध्वनिरोधक आवरण अल्प आणि छत बहुधा उघडे असल्याने चाकाजवळचा बारीक आवाजही चालकापर्यंत पोहोचतो. हरवलेल्या साध्या क्लिपपासून सैल झालेल्या मुख्य बोल्टपर्यंत अनेक कारणांनी जवळजवळ सारखाच आवाज येऊ शकतो. त्यामुळे आवाज बंद करण्यापूर्वी त्याचे नेमके कारण शोधणे आवश्यक ठरते.

पार्श्वभूमी

चकतीवर दोन्ही बाजूंनी दाब देऊन चाक थांबवण्याच्या कल्पनेचे पेटंट ब्रिटिश अभियंता फ्रेडरिक लँचेस्टर याने १९०२ मध्ये घेतले होते. तथापि तिचा व्यापक वापर दुसऱ्या महायुद्धानंतरच सुरू झाला. १९५३ साली फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांची शर्यत डनलॉप कंपनीचे डिस्क ब्रेक बसवलेल्या जॅग्वार सी-टाइप या गाडीने जिंकली आणि या ब्रेकची क्षमता सर्वांच्या नजरेस आली. १९५५ च्या सिट्रोएन डीएस या गाडीत व १९५६ पासून ट्रायम्फ टीआर३ या स्पोर्ट्स गाडीत पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक देण्यात आले. त्यानंतरच्या दशकात ते स्पोर्ट्स गाड्यांचे नेहमीचे अंग बनले.

ड्रम ब्रेकमध्ये घर्षणपट्ट्या बंद डब्यात असतात आणि स्प्रिंगांनी मागे खेचून धरलेल्या असतात. डिस्क ब्रेकचे पॅड मात्र उघड्यावर असतात, आणि ब्रेक सोडल्यावर त्यांना चकतीपासून दूर ओढणारी मोठी स्प्रिंग बहुधा नसते. या मूलभूत फरकामुळे खडखडाटाचा प्रश्न डिस्क ब्रेकच्या बाबतीत अधिक प्रमाणात उद्भवतो.

रचना

कॅलिपरचे दोन मुख्य प्रकार आहेत.

स्थिर कॅलिपर: यात चकतीच्या दोन्ही बाजूंना दट्टे असतात आणि कॅलिपरचा सांगाडा जागचा हलत नाही. पॅड सांगाड्यातील खाचेत बसतात. ते बाहेर येऊ नयेत म्हणून आडव्या पिना किंवा स्प्लिट पिना असतात आणि त्यांवर पातळ पत्र्याची स्प्रिंग दाब देते. १९६० व १९७० च्या दशकांतील अनेक ब्रिटिश व जर्मन स्पोर्ट्स गाड्यांत हा प्रकार आढळतो.

सरकता कॅलिपर: यात दट्ट्या केवळ आतल्या बाजूस असतो. दट्ट्याने आतला पॅड चकतीवर दाबला की प्रतिक्रियेने संपूर्ण कॅलिपर आत सरकतो आणि बाहेरचा पॅडही चकतीला भिडतो. या सरकण्यासाठी दोन गाइड पिना असतात. पिना व पॅड यांना आधार देणारे ब्रॅकेट मात्र चाकाच्या मागील स्थिर भागाला दोन मोठ्या बोल्टांनी पक्के जोडलेले असते.

दोन्ही प्रकारांत दट्ट्याभोवतीची चौकोनी छेदाची रबरी सील ब्रेक दाबताना किंचित पिळली जाते आणि ब्रेक सोडल्यावर मूळ आकारात येताना दट्ट्याला अगदी थोडे मागे घेते. पॅड व चकती यांच्यात राहणारे अंतर एवढेच असते. पॅडला खाचेत सरकता यावे म्हणून त्याच्या कडांनाही थोडी मोकळीक ठेवावी लागते. म्हणजेच काही प्रमाणात ढिलेपणा हा या रचनेचाच भाग आहे. ही मोकळीक मर्यादेबाहेर गेली की आवाज येतो. ती नाहीशी झाली तर पॅड अडकतो, चकती तापते आणि ब्रेक एका बाजूला ओढू लागतो.

आवाजाची कारणे

जुन्या गाडीत मोकळीक वाढण्याची कारणे पुढीलप्रमाणे सांगता येतात.

• लहान भाग हरवणे. पॅड बदलताना क्लिपा, स्प्रिंगा व शिम काढून पुन्हा बसवाव्या लागतात. गाडीचे मालक व कारागीर अनेकदा बदललेले असतील, तर यांपैकी एखादा भाग गळालेला असण्याची शक्यता मोठी असते. गाडी त्याशिवायही थांबते, म्हणून उणीव लक्षात येत नाही.

• खाचेची झीज. पॅड अनेकदा बदलले जातात, पण ब्रॅकेट किंवा स्थिर कॅलिपरचा सांगाडा बहुधा मूळचाच राहतो. प्रत्येक ब्रेकच्या वेळी पॅडची कड खाचेच्या भिंतीवर आपटून तेथे पायरीसारखा खळगा पडतो.

• पिनांची झीज. सतत घासल्याने पिना मध्यभागी बारीक होतात आणि पॅडच्या पाठीच्या पोलादी पट्टीतील छिद्रे लांबट होतात. गाइड पिनेवरील वंगण वाळले किंवा रबरी टोपण फाटून पाणी आत गेले, तर पीन गंजते.

• मापातील तफावत. मूळ उत्पादकाव्यतिरिक्त इतरांनी बनवलेल्या पॅडची पट्टी थोडी आखूड असू शकते. उलट, रंगाचा वा गंजाचा थर असल्याने पॅड खाचेत जात नसेल, तर तो थर काढण्याऐवजी पॅडचीच कड कानशीने घासण्याची प्रथा दिसते. पुढे थर झडल्यावर तोच पॅड खडखडू लागतो.

• बोल्ट सैल होणे. ब्रॅकेटचे किंवा कॅलिपरचे मुख्य बोल्ट ठरलेल्या बलाने आवळलेले नसतील, तर प्रत्येक ब्रेकच्या वेळी संपूर्ण कॅलिपर हलतो. हे कारण तुलनेने विरळ, परंतु सर्वांत धोकादायक आहे.

आवाजाची वेळ व स्वरूप

निदानाचा पहिला आधार म्हणजे आवाज कोणत्या क्षणी येतो हे होय.

दिशा बदलल्यानंतरच्या पहिल्या ब्रेकला एकच 'टक्': गाडी पुढे जात असताना चकती पॅडला आपल्याबरोबर ओढते आणि पॅड खाचेच्या एका भिंतीला टेकतो. गाडी मागे घेऊन ब्रेक लावल्यास तो दुसऱ्या भिंतीकडे सरकतो. हा आवाज हलका असल्यास दोष मानला जात नाही. तो मोठा असल्यास किंवा पूर्वी नसून नव्याने सुरू झाला असल्यास खाच, क्लिपा व बोल्ट तपासावे लागतात.

खडबडीत रस्त्यावर खडखड, ब्रेक लावताच शांतता: हे सैल पॅडचे वा सैल सरकत्या कॅलिपरचे ठळक लक्षण आहे. ब्रेक दाबल्यावर पॅड चकतीवर आवळले जातात आणि त्यांची हालचाल थांबते.

ब्रेक लावतानाच ठोका, एरवी शांतता: यात मुख्य बोल्ट, चाकाचे बेअरिंग, सस्पेन्शनचे बुश व सांधे यांचा संशय प्रथम घ्यावा लागतो, कारण ब्रेकचे बल या भागांतूनच गाडीच्या सांगाड्याकडे जाते.

वेगाबरोबर वाढणारी नियमित टकटक: रस्ता गुळगुळीत असतानाही आवाज वेगाच्या प्रमाणात बदलत असेल, तर त्याचा उगम फिरणाऱ्या भागात असतो. येथे साधे गणित उपयोगी पडते. १८५/६० आर१४ मापाच्या टायरचा परीघ सुमारे १.८ मीटर असतो; ताशी २० किलोमीटर वेगाने असे चाक सेकंदाला साधारण तीन फेरे घेते. सेकंदाला तीन टक ऐकू आल्यास चाकाच्या प्रत्येक फेऱ्यास एक आवाज होत आहे असे समजावे.

लेथवर चकती घासून घेतल्यानंतर सुरू झालेली टकटक: हत्यार एकाच दिशेने सरकल्याने चकतीवर ग्रामोफोनच्या तबकडीसारखी सर्पिल रेघ उमटते. पॅड त्या रेघेवरून बाजूला सरकत जातो आणि मर्यादा येताच झटक्याने मूळ जागी येतो. चकतीचा पृष्ठभाग एका दिशेच्या रेघा न राहतील अशा रीतीने घासल्यास हा आवाज थांबतो.

तपासणीचा क्रम

तपासणी धोकादायक कारणांपासून निरुपद्रवी कारणांकडे केली जाते. त्यामुळे किरकोळ कारण सापडल्यावर शोध थांबला, तरी गंभीर दोष पाहायचा राहून जात नाही.

१. चाकाचे नट. गाडी उचलण्यापूर्वीच सर्व नट टॉर्क पान्याने तपासले जातात. सैल चाकाचा आवाज कॅलिपरच्या आवाजाशी सहज मिसळतो. नट सैल आढळल्यास ते आवळून व चाकाची छिद्रे तपासून झाल्याशिवाय गाडी चालवू नये.

२. रस्त्यावरील चाचणी. बोल्टांविषयी शंका नसेल तरच आणि रहदारी नसलेल्या रस्त्यावर, अल्प वेगाने ही चाचणी करतात. काच उघडी ठेवून भिंतीच्या कडेने गाडी नेल्यास परावर्तित आवाजामुळे कोणत्या बाजूचे चाक वाजते हे कळते. खडखड चालू असताना ब्रेकचे पायदान अगदी हलके दाबले जाते. आवाज थांबल्यास संशय पॅड व कॅलिपरवर येतो; तसाच राहिल्यास सस्पेन्शनकडे पाहावे लागते. ज्या गाडीत हँडब्रेक मागच्या मुख्य पॅडांवरच काम करतो, तेथे तो एकदोन दात ओढून पाहता येतो. तेवढ्याने आवाज थांबला, तर उगम मागच्या कॅलिपरमध्ये आहे असे अनुमान निघते.

३. बेअरिंग व सांधे. गाडी सपाट व कठीण जमिनीवर जॅकने उचलून जॅक स्टँडवर टेकवली जाते. केवळ जॅकच्या आधारावर काम करणे धोक्याचे असते. चाक वर व खाली धरून हलवल्यावर ढिलेपणा जाणवला, तर दुसऱ्या व्यक्तीस ब्रेक दाबून धरण्यास सांगतात. ब्रेक दाबताच ढिलेपणा नाहीसा झाल्यास दोष बेअरिंगमध्ये, आणि तो कायम राहिल्यास सस्पेन्शनच्या सांध्यात असतो. सैल बेअरिंगमुळे चकती डोलते व पॅडांना मागे ढकलते. त्यामुळे वळणानंतरच्या पहिल्या ब्रेकला पायदान नेहमीपेक्षा खोल जाते. हे लक्षण स्थिर कॅलिपरच्या गाड्यांत अधिक स्पष्ट दिसते.

४. मुख्य बोल्ट. चाक काढल्यावर कॅलिपर हाताने जोरात हलवून पाहतात. सरकता कॅलिपर आपल्या पिनांवर आत-बाहेर सरकणे स्वाभाविक आहे. परंतु ब्रॅकेट मुळीच हलता कामा नये. बोल्टच्या डोक्याभोवती गंजाची तांबूस भुकटी किंवा चकचकीत घासलेली जागा दिसल्यास तेथे हालचाल होत असल्याचे समजते.

५. पॅड, क्लिपा व पिना. पॅड बोटांनी हलवून कोणता वाजतो ते पाहिले जाते. नंतर तो काढून खाचेतील पायरी, पट्टीची लांबी, स्प्रिंगेचा ताण व पिनांची झीज तपासतात. एकाच कॅलिपरमधील दोन गाइड पिना अनेक गाड्यांत सारख्या नसतात, एकीवर रबरी नळी असते. त्या अदलाबदल झाल्यास कॅलिपर अडकतो वा वाजतो. आतल्या व बाहेरच्या पॅडच्या जाडीत मोठा फरक असणे हे गाइड पीन किंवा दट्ट्या अडकल्याचे चिन्ह होय.

काही गाड्यांतील विशेष बाबी

एमजीबी (१९६२ ते १९८०): या ब्रिटिश गाडीला पुढे स्थिर कॅलिपरचे डिस्क ब्रेक व मागे ड्रम ब्रेक होते. पॅड स्प्लिट पिनांनी व पत्र्याच्या स्प्रिंगांनी धरलेले असतात. स्प्लिट पिना प्रत्येक वेळी नव्या वापरणे अपेक्षित असते. जुन्याच पिना सरळ करून पुन्हा घातल्यास त्या सैल बसतात. हँडब्रेक मागच्या ड्रमवर चालत असल्याने तो ओढून पुढच्या कॅलिपरविषयी काहीही कळत नाही. या गाडीच्या अनेक प्रतींना तारांची चाके आहेत. त्यांच्या मध्यभागातील दाते झिजले असतील, तर वेग वाढवताना व ब्रेक लावताना ठोका ऐकू येतो, आणि सैल तारा प्रत्येक फेऱ्याला टकटक करतात. हे दोन्ही आवाज कॅलिपरचे समजून पॅड बदलले जाण्याची शक्यता असते. झिजलेल्या दात्यांचे चाक मात्र तातडीने बदलणे आवश्यक असते.

जॅग्वार ई-टाइप: १९६१ मध्ये सादर झालेल्या या गाडीचे मागचे डिस्क ब्रेक चाकांपाशी नसून गाडीच्या मध्यभागी, डिफरन्शियलला लागून आहेत. त्यामुळे मागच्या कॅलिपरचा आवाज चाकांतून न येता आसनांच्या मागून, गाडीच्या पोटातून आल्यासारखा वाटतो. हँडब्रेकसाठी याच चकत्यांवर स्वतंत्र छोटे कॅलिपर आहेत. म्हणून हँडब्रेक ओढून मुख्य पॅडांची परीक्षा येथेही होत नाही.

माझदा एमएक्स-५, पहिली पिढी: फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागो येथील वाहन प्रदर्शनात सादर झालेल्या या जपानी गाडीला चारही चाकांना सरकत्या कॅलिपरचे डिस्क ब्रेक आहेत. १.६ लिटर इंजिनाच्या गाडीत पुढची चकती २३५ मिलिमीटर व्यासाची, तर १.८ लिटर इंजिनाच्या गाडीत २५५ मिलिमीटर व्यासाची असते. दोन पॅडांना एकमेकांपासून दूर ठेवणाऱ्या पातळ तारेच्या स्प्रिंगा पॅड बदलताना सहज हरवतात. मागचा कॅलिपर हँडब्रेकचेही काम करतो आणि त्यासाठी त्याच्या दट्ट्यात स्क्रूची यंत्रणा असते. नवे पॅड बसवताना हा दट्ट्या शिकंजाने दाबून मागे नेल्यास यंत्रणा बिघडते. कॅलिपरच्या मागील झाकण-बोल्ट काढून आतील समायोजक ४ मिलिमीटरच्या ॲलन चावीने फिरवावा लागतो.

ब्रिटनसारख्या देशांत हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर मीठ टाकले जाते. तेथे या गाड्यांच्या गाइड पिना गंजून अडकण्याचा दोष सर्वपरिचित आहे. पीन अडकली की कॅलिपर हलत नाही आणि त्याचा खडखडाटही आपोआप बंद होतो. त्यामुळे दुरुस्ती न करता जुना आवाज थांबला, तर ती सुधारणा न समजता पॅडांची जाडी व कॅलिपरची सरक तपासून पाहावी लागते.

कॅलिपरचा भास करून देणारे इतर आवाज

चकतीमागील धूळरोधक पत्रा सैल होणे, पत्रा व चकती यांच्यात खडा अडकणे, हँडब्रेकच्या तारेची क्लिप सुटणे, अँटिरोल बारचे सांधे झिजणे आणि शॉक ॲब्सॉर्बरचा वरचा आधार ढिला होणे यांमुळेही तत्सम आवाज येतात. मागच्या चाकांना सांध्यांच्या दांड्यांनी शक्ती मिळणाऱ्या गाड्यांत त्या सांध्यांची टकटक वेग घेताना ऐकू येते व पायदान सोडल्यावर कमी होते. स्पर्धेसाठी बनवलेल्या काही दुभागी चकत्यांत बाहेरचे कडे मधल्या भागावर मुद्दाम किंचित सैल ठेवलेले असते. तेथील खडखड ही रचनेचाच परिणाम असते.

दुरुस्ती

बहुतेक प्रसंगी क्लिपा, स्प्रिंगा, शिम व पिना यांचा नवा संच बसवून आणि खाचा तारेच्या ब्रशने स्वच्छ करून आवाज थांबतो. खाचेत पायरी पडली असेल, तर नवी क्लिप काही काळच उपयोगी पडते. ब्रॅकेट बदलणे हाच टिकाऊ उपाय ठरतो. गाइड पिनांसाठी ब्रेककरिता बनवलेले, रबराला अपाय न करणारे सिलिकोनयुक्त वंगण वापरतात. खनिज तेलापासून बनवलेल्या साध्या ग्रीसमुळे रबरी सील व टोपणे फुगतात आणि पीन किंवा दट्ट्या अडकू शकतो. पॅडच्या पाठीवर व कडांवर वंगणाचा अगदी पातळ थर पुरेसा असतो. घर्षणपृष्ठावर किंवा चकतीवर त्याचा अंशही लागता कामा नये.

आवाज दाबण्यासाठी जाड ग्रीस भरणे, पिनेवर तार गुंडाळणे किंवा स्प्रिंग वाकवून ताण वाढवणे हे उपाय टाळले जातात. त्यांनी मोकळीक कमी होत नाही, केवळ तिचे लक्षण लपते. बोल्ट आवळण्याचे बल त्या गाडीच्या कार्यशाळा पुस्तिकेतूनच घ्यावे लागते. कुलूप-पत्रे किंवा एकदाच वापरायचे बोल्ट असल्यास ते नवे घातले जातात. पॅड व चकत्या एकाच धुऱ्याच्या दोन्ही चाकांवर एकदम बदलण्याची पद्धत आहे, अन्यथा ब्रेक लावताना गाडी एका बाजूस ओढते.

सुरक्षितता

जुन्या गाड्यांतील मूळ पॅडांत ॲस्बेस्टॉस असू शकते. ब्रिटनमध्ये त्याच्या वापरावर १९९९ मध्ये संपूर्ण बंदी आली. त्यापूर्वीचे पॅड वा साठवून ठेवलेले जुने सुटे भाग आजही काही गाड्यांत आढळू शकतात. ॲस्बेस्टॉसचे तंतू श्वासावाटे फुप्फुसांत गेल्यास गंभीर आजार होतात. म्हणून ब्रेकची धूळ हवेच्या झोताने किंवा कोरड्या ब्रशने उडवत नाहीत. ती ओल्या फडक्याने टिपून पिशवीत बंद केली जाते.

कॅलिपर उघडल्यानंतर तो रबरी नळीवर लोंबकळत न ठेवता तारेने टांगला जातो. दट्टे मागे नेताना टाकीतील ब्रेकचे द्रव वर येते व रंगावर सांडल्यास रंग खराब करते. काम संपल्यावर गाडी हलवण्यापूर्वी पायदान घट्ट होईपर्यंत दाबावे लागते. असे न केल्यास पहिल्या ब्रेकला गाडी थांबत नाही. थोडे अंतर चालवून झाल्यावर चाकाचे नट पुन्हा तपासले जातात.

मुख्य बोल्ट सैल आढळणे, कॅलिपर वा चकतीला तडा असणे, द्रव गळणे किंवा पायदान खोल जाणे यांपैकी कोणतेही लक्षण खडखडाटासोबत दिसल्यास गाडी चालवणे थांबवून ती वाहून नेणे आणि प्रशिक्षित कारागिराकडून तपासून घेणे आवश्यक असते.